सफायरचा लाल परकर

“अगं, हा परकर लाल आहे?”

आत्याने विचारलं तेव्हा सिनेमा सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. मी थांबवला. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर एका तरुण मुलीचं प्रेत सापडलंय आणि पोलीस तिचे कपडे तपासताहेत. वरचा स्कर्ट जाडाभरडा, साधा, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शोभेल असा. त्याच्या खालचा परकर मात्र लालभडक.

“तू तर पाहिलायस ना हा सिनेमा?”

“पाहिलाय, पण होस्टेलच्या टीव्हीवर. तेव्हा सगळं करडंच दिसायचं. लाल आहे हे नुसतं ऐकलं होतं, पाहते आज.”

ते साल १९६८च्या आसपासचं. बीबीसी-वन आणि आयटीव्हीवर रंग आले ते नोव्हेंबर १९६९मध्ये. आत्या १९६६ साली पुण्याहून नर्स म्हणून लंडनला आली, आता ऐंशी ओलांडलेली आहे आणि हॅरोला एकटी राहते. मी पुण्यात चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेते. यंदा महिनाभर तिच्याकडे राहिले आणि रोज रात्री जेवणानंतर आम्ही एक जुना ब्रिटिश सिनेमा पाहायचा असं ठरलं. ‘सफायर’ माझ्या यादीत होता, कारण पडद्यावर कुणाला कसं दाखवायचं या विषयावर बोलताना मला तो नेहमी लागतो. मी त्यावर नाराज आहे, आणि तरीही तो मला सोडवत नाही. आत्याला तो मनापासून आवडतो. पुढचे दोन-तीन दिवस आम्ही त्यावरून वाद घातला. चहावर, भाजी निवडताना, एकदा तर बसमध्येसुद्धा.

आधी सिनेमाविषयी सांगते. १९५९ सालचा, बेझिल डिअर्डनने दिग्दर्शित केलेला. निर्माता मायकेल रेल्फ, पटकथा जॅनेट ग्रीनची. मेलेल्या मुलीचं नाव सफायर. संगीत शिकणारी, दिसायला गोरी, डेव्हिड हॅरिस नावाच्या गोऱ्या विद्यार्थ्याची वाग्दत्त वधू आणि त्याच्यापासून गरोदर. डेव्हिडला वास्तुशास्त्रासाठी रोमला जायची शिष्यवृत्ती मिळालेली. मग तिचा भाऊ पोलिसांना भेटायला येतो आणि तो काळा असतो. तिथून खुनाची चौकशी वर्णाची चौकशी होऊन बसते. खुनी कोण हे सांगितल्यावाचून या सिनेमावर बोलताच येत नाही, म्हणून पुढे तेही सांगणार आहे.

“तो भाऊ आत येतो ना,” आत्या म्हणाली, “तेव्हा टीव्हीच्या खोलीत आम्ही पंधरा-सोळा जणी होतो. जमैकाच्या, बार्बाडोसच्या, आयर्लंडच्या, दोघी केरळच्या आणि मी. खोली एकदम गप्प झाली. पडद्यावर एक काळा माणूस, नीट सुटातला, डॉक्टर. हातात ट्रे नाही की भाला नाही. आणि पोलीस त्याच्याशी अदबीने बोलताहेत. तुला हे लहानसं वाटेल.”

“नाही वाटत. तो अर्ल कॅमेरून. मला त्या सिनेमात सगळ्यात जास्त तोच आवडतो.”

अर्ल कॅमेरून बर्म्युडाचा. १९३९ साली जहाजावरून इंग्लंडला आला. डिअर्डननेच त्याला १९५१ साली ‘पूल ऑफ लंडन’मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आणलं, तिथेही गुन्ह्याचीच गोष्ट होती आणि त्यात एका काळ्या खलाशाची आणि एका गोऱ्या मुलीची हळुवार ओळख होती. ब्रिटिश पडद्यावर असं नातं तोवर कुणी फारसं दाखवलं नव्हतं. तो १०२ वर्षं जगला, २०२०च्या जुलैमध्ये गेला. इतकं आयुष्य आणि इतकी पात्रता असून त्याच्या नावावर मुख्य भूमिका किती, हे पाहिलं की वाईट वाटतं. डॉक्टर रॉबिन्स या भूमिकेत तो आवाज चढवत नाही. बहिणीच्या प्रेतापाशी, पोलिसांपुढे, तिच्या होणाऱ्या सासरच्या दिवाणखान्यात, सगळीकडे तो जपून बोलतो. आपण कुठे उभे आहोत याचं भान त्याच्या खांद्यांत दिसतं.

“मग तुझी तक्रार काय आहे?” आत्याने विचारलं.

“परकर.”

“म्हणजे?”

“परकराचा पुरावा कशासाठी केलाय बघ. वरून साधी गोरी मुलगी आणि आतून लाल. निरीक्षक लीरॉइड तसं बोलूनही दाखवतो. म्हणजे कपड्याखाली जसा परकर, तसं कातडीखाली काळेपण, आणि काळेपण म्हणजे भडक, चंचल, देहाचं.”

“लीरॉइड बोलतो गं. तो आकसाने भरलेलाच दाखवलाय. आणि त्याचा साहेब, हॅझर्ड, त्याला तिथल्या तिथे अडवतो की. दोन पोलीस ठेवलेत ते त्यासाठीच. एक तेव्हाच्या इंग्लंडमधल्या बहुतेकांसारखा, आणि एक त्यांनी व्हावं तसा.”

तिचं म्हणणं बरोबर आहे. नायजेल पॅट्रिकचा हॅझर्ड आणि मायकेल क्रेगचा लीरॉइड या जोडीत सिनेमाने आपल्या प्रेक्षकाला दोन भागांत वाटून घेतलंय. पण मी तिला ट्यूलिप्स क्लबचा प्रसंग पुन्हा लावून दाखवला. पोलीस क्लबात येतात. तिथला माणूस सांगतो की कातडी कितीही उजळ असू दे, ढोल वाजला की खरं काय ते लपत नाही. आणि लगेच ढोल वाजू लागतात, कॅमेरा नाचणाऱ्या बायकांच्या पायांवर, घोळांवर, ताल धरलेल्या हातांवर झेपावतो, एकामागून एक तुकडे, वेग वाढत जातो.

“इथे लीरॉइड बोलत नाहीये,” मी म्हटलं. “इथे कॅमेराच ते मत सिद्ध करून दाखवतोय. पात्र चुकीचं बोललं तर दुसरं पात्र त्याला अडवू शकतं. कॅमेरा चुकीचं बोलला तर त्याला अडवणारं सिनेमात कुणी नसतं.”

आत्या काही वेळ पडद्याकडे पाहत राहिली. “हे ओंगळ आहे,” ती म्हणाली. “तेव्हा मला कळलं नव्हतं. पण बार्बाडोसची एक जण उठून गेली होती, ते आठवतंय. आम्हाला वाटलं तिची ड्यूटी असेल.”

मग तिने वेगळा धागा धरला. तो मला आधी सुचलेला नव्हता, म्हणून इथे जरा रेंगाळते.

“तू शिकवतेस म्हणून विचारते. हे सगळं खुनाच्या गोष्टीतच का घातलं असेल? नुसतं कौटुंबिक का नाही केलं?”

“लोक तिकीट काढून येतील म्हणून.”

“ते आहेच. पण मला वेगळं वाटतं. आम्ही आलो तेव्हा इथली दारं बंद असत. सोमवारी वॉर्डात ज्या बाईची ड्रेसिंगं करायची तिच्या दिवाणखान्यात रविवारी आपल्याला कुणी बोलावणार नाही, हे धरूनच चालायचं. आत काय बोलतात, जेवताना आपल्याबद्दल काय म्हणतात, काही कळायचं नाही. पोलिसाला मात्र दार उघडावंच लागतं. खून झाला की सगळ्या घरांची दारं उघडतात. मी त्या सिनेमात पहिल्यांदा एका साध्या गोऱ्या घराच्या आत बसले. चहाच्या टेबलाशी. आणि तिथे काय शिजतंय ते पाहिलं.”

ती म्हणाली ते अगदी खरं आहे. ‘सफायर’ची सगळी बांधणी दार ठोठावण्याची आहे. हॅझर्ड सफायरच्या खोलीत जातो, काळ्या विद्यार्थ्यांना भेटतो, क्लबात जातो, पळणाऱ्या जॉनी फिडल या संशयिताच्या मागे नॉटिंग हिलसारख्या गल्ल्यांत जातो, आणि पुन:पुन्हा हॅरिसांच्या घरी येतो. रहस्यकथेत प्रत्येक जण संशयित असतो; इथे त्यामुळे प्रत्येकाच्या मनातला वर्णद्वेष हा खुनाचा संभाव्य हेतू ठरतो. एरवी ‘आपलं आपलं मत’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट पोलिसाच्या वहीत नोंदवली जाते.

आणि काळ कोणता, तर ऑगस्ट-सप्टेंबर १९५८मध्ये नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या टोळक्यांनी वेस्ट इंडियन वस्तीवर हल्ले केले होते. नऊ गोऱ्या पोरांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी १९५९मध्ये क्लॉडिया जोन्सने त्या जखमेवर उत्तर म्हणून सेंट पॅन्क्रस टाउन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला. आणि मे १९५९मध्ये केल्सो कॉक्रेन या अँटिग्वाहून आलेल्या सुताराला नॉटिंग हिलमध्येच भोसकून मारलं. त्या खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. ‘सफायर’ही त्याच वर्षी पडद्यावर आला. सिनेमातल्या खुनाचा छडा लागतो, बाहेरच्याचा लागला नाही. ब्रिटिश अकादमीने त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपट म्हणून ‘सफायर’चा गौरव केला.

“आणि खुनी कोण निघतं?” आत्याचा आवाज चढला. “कुणी टोळीतला गुंड नाही. डेव्हिडची बहीण. मिल्ड्रेड. दोन मुलींची आई, दिवसभर राबणारी, नीटनेटकी बाई. शेवटी तो डॉक्टर त्यांच्या घरी येतो, तिच्या मुलींची बाहुली सहज हातात घेतो, आणि तिला ते सहन होत नाही. त्या बाहुलीवरून ती फुटते. तो प्रसंग मी इतकी वर्षं विसरले नाहीये. मला त्या प्रकारचे हात ठाऊक होते. औषध घेतील, पण पाण्याचा पेला आपण धरलेल्या बाजूने धरणार नाहीत.”

इव्हॉन मिचेलने मिल्ड्रेड केली आहे. इतका वेळ ती मागे मागे वावरते, आणि ते बाहुलीचं क्षणभराचं दृश्य आलं की आधीचं तिचं सगळं गप्प राहणं उलगडतं. घरातल्या माणसानेच घराच्या अब्रूसाठी मारावं, हे पाहताना मला ‘सैराट’चा शेवट आठवला. आत्याला तो मीच पुण्यात दाखवला होता. तीही “घरचेच असतात” एवढंच म्हणाली.

पण माझी मोठी तक्रार अजून बाकी होती.

“आत्या, सफायर कुठे आहे या सिनेमात?”

“कुठे म्हणजे?”

“नाव तिचं, खून तिचा. ती एक वाक्य तरी बोलते का? आपल्याला दिसतं ते तिचं प्रेत, तिचे कपडे, तिचा फोटो. तिच्याबद्दल भाऊ बोलतो, प्रियकर बोलतो, जुने मित्र बोलतात, पोलीस बोलतात, जिने मारलं तीसुद्धा बोलते. सगळे तिचा अर्थ सांगतात. ती आतून कशी होती, रात्री झोपताना तिच्या मनात काय यायचं, नाव बदललं नाही पण रंग बदलला तेव्हा कसं वाटलं, एक अक्षर नाही. आणि तो जो देह आणि फोटो दिसतो तोही एका गोऱ्या नटीचा, इव्हॉन बकिंगहॅमचा. जिच्यावर सगळा सिनेमा आहे तिच्या वाट्याला आवाजही नाही आणि तिच्यासारखी नटीही नाही.”

“मेलेलं माणूस कसं बोलणार?”

“सिनेमात बोलतं. मागचा काळ दाखवता येतो. त्यांनी दाखवला नाही. आणि हेच तिघं, डिअर्डन, रेल्फ आणि जॅनेट ग्रीन, दोनच वर्षांनी १९६१मध्ये ‘व्हिक्टिम’ करतात. तोही गुन्ह्याचाच सिनेमा, समलैंगिक पुरुषांना लुबाडणाऱ्यांचा. तेव्हा इंग्लंडमध्ये पुरुषांमधला शरीरसंबंध हा कायद्याने गुन्हा होता, १९६७पर्यंत होता. तिथे मात्र मुख्य पात्र डर्क बोगार्डने केलेला बॅरिस्टर आहे. तो जिवंत आहे, बायकोसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. त्याला ‘मी’ म्हणता येतं. सफायरला का नाही?”

आत्याने उत्तर द्यायला वेळ घेतला. “कारण बॅरिस्टर त्यांच्यातला होता,” ती म्हणाली. “आपल्यातला माणूस आतून कल्पिता येतो.”

मला जे सांगायचं होतं ते तिने माझ्याहून सोप्या शब्दांत सांगितलं होतं. लिहिणारी, दिग्दर्शक, निर्माता, तिघंही गोरी आणि तिघांचाही हेतू चांगला. त्या हेतूने त्यांना काळ्या वस्तीच्या दारापर्यंत नेलं, खोलीतही नेलं. तिथल्या माणसाच्या आत जाणं त्यांना जमलं नाही. आता ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे वैविध्याचे निकष आहेत, २०१९पासून ब्रिटिश अकादमीच्या ब्रिटिश चित्रपटांसाठीच्या पुरस्कारांनाही ते लागू झाले. त्यांत पडद्यावर कोण दिसतं याबरोबर पडद्यामागे निर्णय कोण घेतं हेही विचारतात. मला तो दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो आणि मी तो आत्याला पटवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. तिला निकष, टक्के, रकाने यांचा कंटाळा आहे. “माणसं मोजायला लागलं की मोजणाऱ्याचंच चालतं,” म्हणाली. यावर आमचं एकमत झालं नाही.

सिनेमातल्या पॉल स्लेडवरूनही झालं नाही. हा बिशपचा मुलगा, काळा, सुखवस्तू. सफायरशी लग्न का केलं नाहीस असं पोलीस विचारतात तर तो सांगतो की ती अर्धी गोरी, वडिलांना चाललं नसतं. आत्याला हा प्रसंग धाडसी वाटतो. माझं म्हणणं, यातून दोन्ही पारड्यांत सारखंच वजन आहे असा भास होतो. बिशपच्या नापसंतीने कुणाची खोली जात नव्हती, नोकरी जात नव्हती. उलट बाजूला मात्र कायदाही मदतीला नव्हता: १९६५चा पहिला वंशसंबंध कायदा हॉटेलं, बसगाड्या अशा सार्वजनिक जागांपुरता होता, घर आणि नोकरी त्यात आली ती १९६८मध्ये.

“म्हणजे मी आले तेव्हा काळ्यांना खोली नाही अशा पाट्या लावायचे, ते कायद्याने चालत होतं?” आत्याने विचारलं.

“हो. खोली नाकारण्यावर बंदी आली ती अडुसष्टमध्ये.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली. चहा ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या रात्री तिने सिनेमा निवडला. ‘लूथर: द फॉलन सन’, २०२३चा. बीबीसीवर २०१० सालापासून चाललेल्या मालिकेचा हा पुढचा भाग, इड्रिस एल्बा त्यात मुख्य पोलीस निरीक्षक जॉन लूथर. आत्याने मालिका सगळी पाहिलेली आहे, आणि एल्बा पडद्यावर आला की ती सरसावून बसते.

“आता बघ,” ती म्हणाली. “हा काळा आहे, आणि कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. याला तुरुंगात टाकतात, हा पळतो, खुन्याच्या मागे लागतो. चुकतो, मारतो, मार खातो. त्याच्या मागावर असलेली पोलीस अधिकारीही काळी बाई आहे, सिंथिया एरिव्हो, तिच्याही रंगाचा विषय निघत नाही. १९५९मध्ये लंडनच्या पोलिसांत एक काळा शिपाई नव्हता. युद्धानंतरचा पहिला, नॉरवेल रॉबर्ट्स, तो १९६७चा. मी आले त्याच्या पुढच्या वर्षी. पेपरात फोटो आला होता, आम्ही कापून ठेवला होता. तिथून इथवर. मला हेच हवं होतं. माणूस नुसता माणूस म्हणून.”

“पण आत्या, तो राहतो कुठे?”

“म्हणजे?”

“त्याला आई आहे का? रविवारी तो काय जेवतो? त्याचा एखादा लहानपणचा मित्र? २०२१ साली बीबीसीच्या वैविध्य विभागाच्या मिरांडा वेलंड यांनी हेच म्हटलं होतं, की लूथर आला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, पण पुढे लक्षात येतं की त्याचे कुणी काळे मित्र नाहीत, तो कॅरिबियन जेवण जेवत नाही, तो खरा वाटत नाही.”

आत्या चिडली. तिला चिडलेली मी फार क्वचित पाहिली आहे. “एल्बाचे आईवडील सिएरा लिओन आणि घानाचे. त्याने कॅरिबियन जेवण का जेवावं? मला पंचावन्न वर्षं इथे विचारतात, तुमच्या करीत काय घालता. मी त्यांना आमटी सांगू लागले की त्यांचं लक्ष उडतं, कारण ते त्यांच्या ओळखीचं नसतं. काळा म्हटला की अमुक जेवण, अमुक गाणं, अमुक मित्र! तुझा तो लाल परकर याहून वेगळा काय होता?”

हा घाव वर्मी बसला. ताटावरून माणूस ओळखू पाहणं आणि परकरावरून ओळखू पाहणं यांची नाळ एकच आहे. मी ते कबूल केलं. तरी माझा मुद्दा ताटाचा नव्हता आणि तो मला सोडायचा नव्हता.

“जेवण जाऊ दे. मालिकेचा लेखक नील क्रॉस स्वतः म्हणाला होता की आधुनिक ब्रिटनमध्ये काळा माणूस असण्याचा अनुभव लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही, म्हणून त्याने ते लिहिलंच नाही. हा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. पण मग कुणी तरी लिहायला हवं होतं. हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला मार्च २०२३मध्ये, आणि त्याच महिन्यात लुईझ केसी यांचा अहवाल आला की लंडनचं पोलीस दल संस्था म्हणून वर्णद्वेषी आहे, स्त्रीद्वेष्टं आहे. त्याच्या चोवीस वर्षं आधी, स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाच्या खुनाच्या चौकशीनंतर, मॅकफर्सन अहवालात वर्णद्वेषाचं हेच लिहिलं होतं. लूथर याच दलात नोकरी करतो. कॅन्टीनमध्ये त्याला कुणी काही म्हणत नाही? रात्री साध्या कपड्यांत चालताना त्याला गस्तीची गाडी कधी थांबवत नाही? सफायरबद्दल तिच्या रंगाखेरीज काही सांगितलं नाही. लूथरबद्दल बाकी सगळं सांगितलं, तेवढंच गाळलं. दोघांनाही ‘मी’ म्हणू दिलेलं नाही.”

“त्याला म्हणायचं नसेल तर?” आत्या म्हणाली. “न सांगण्याचा हक्क नाही का माणसाला? दर वेळी दारातच विचारायचं, तू कुठला, तुझं मूळ काय, तुझं दुःख काय. मला कुणी विचारू नये असं फार वाटायचं गं. नुसतं आत येऊ द्यावं.”

तिच्या स्वरात असं काही होतं की मी वाद थांबवला. सिनेमा पुढे चालत राहिला. ज्या गोष्टीसाठी तो लावला होता ती आता त्यात उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिला बाबूराव बागुलांविषयी सांगत होते. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह १९६३चा, म्हणजे ‘सफायर’नंतर चारच वर्षांनी. परगावी नोकरीवर जाऊन जात लपवणारा तरुण, त्याचं उघडं पडणं, त्याला झालेली मारहाण. हिंदुस्थानात जात चोरणं आणि इंग्लंडात रंग चोरणं, दोन्हीकडे घर मिळवण्याची, चार लोकांत बसण्याची किंमत तीच. “पण बघ,” मी म्हटलं, “बागुलांच्या शीर्षकातच ‘मी’ आहे. चोरली तोच सांगतोय. म्हणून ती गोष्ट वाचताना आपण त्याच्या आत असतो. सफायरच्या बाबतीत आपण कायम बाहेर, पोलिसांबरोबर.”

आणि मग, खरं तर स्वतःशीच, मी म्हटलं की आपल्या घरात जात चोरायची वेळ कधी कुणावर आली नाही.

“रंग चोरायची आली,” आत्या म्हणाली.

आत्या घारी आहे. तरुणपणीच्या फोटोंत तिचा वर्ण केतकी, केस तपकिरीकडे झुकणारे. आमच्या घरात हे कौतुकाने सांगितलं जायचं, आणि त्या कौतुकात काय दडलेलं असतं हे मला फार उशिरा कळलं.

“सदुसष्ट साल. होस्टेल सोडायचं होतं. मी आणि बार्बाडोसची एक जण, दोघींनी मिळून खोली घ्यायची ठरवलं होतं. माझ्याच वॉर्डातली. माझ्याहून हुशार, हात फार हलका, इंजेक्शन दिलेलं पेशंटला कळायचं नाही. किलबर्नमध्ये एक खोली होती. ती आधी बघायला गेली, तर घरमालकीण म्हणाली, गेली खोली. तासाभराने मी गेले. कोट, स्कार्फ. बाईने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, इटालियन का? मी काही बोलले नाही. हसले फक्त. तिने किल्ली दिली.”

“मग?”

“मग राहिले. दोन वर्षं राहिले.”

“आणि ती?”

“ती होस्टेलवरच राहिली पुष्कळ दिवस. तिने मला विचारलं, कशी मिळाली. मी सांगितलं, रिकामी झाली असेल मधल्या वेळात. तिला कळलं असणार, इतकी हुशार होती ती. पुढे एकदा म्हणाली, रविवारी येऊ का तुझ्याकडे. मी म्हटलं, पाहुण्यांना परवानगी नाही. पाहुण्यांना परवानगी होती.”

खिडकीबाहेर बस थांबून गेली.

“होस्टेलवर ‘सफायर’ लागला तेव्हा मी तिथे मुद्दाम गेले होते, त्या सगळ्यांना भेटायला. ढोलांच्या वेळी उठून गेली ती हीच. ड्यूटी असेल असं मी तुला परवा म्हटलं. तिची ड्यूटी नव्हती. आणि ढोलामुळेच उठली की त्याआधीच्या गोष्टीमुळे, तेही मला आज सांगता येणार नाही. आधी येतं ना, की सफायरने काळ्या मित्रमैत्रिणींना तोडलं. तो नाचतानाचा फोटो फाडून अर्धा ठेवला, जोडीदार काढून टाकला. ते चाललं असताना ती माझ्या शेजारच्या खुर्चीत होती.”

मला बोलायला सुचेना. दोन दिवस मी तिच्यापुढे प्रतिनिधित्वाच्या गोष्टी करत होते. तिला तो सिनेमा का आवडतो हे मी विचारलं होतं, पण तिथे कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, “तुला काय वाटतं, त्यांनी सफायरला बोलू दिलं असतं तर ती काय बोलली असती?”

आत्याने पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“मला खोली हवी होती,” ती म्हणाली. “एवढंच. बाहेर थंडी होती, आणि मला खोली हवी होती.”